तिचे सारे ऐकून घेणारा प्रभू

शास्त्रभाग : मार्क ५:२१-४३



समुद्रकाठी लोकांची दाटी झाली आहे. सभास्थानाचा अधिकारी याईर प्रभूच्या पायांवर पडून आपल्या मरणोन्मुख लेकीसाठी विनवणी करीत आहे. मुलगी बारा वर्षांची. तिचे दुखणे सांगायला तिचा बाप आहे, आणि तो गावातील वजनदार माणूस आहे. त्याचे बोलणे कोणी अडवीत नाही. प्रभू त्याच्याबरोबर निघतो.

त्याच दाटीत आणखी एक दुखणे चालले आहे. तेही बारा वर्षांचेच. एका स्त्रीचा रक्तस्राव थांबलेला नाही. तिच्यासाठी कोणी कोणाच्या पाया पडत नाही. तिचे नावही शुभवर्तमानकाराने दिलेले नाही. लेवीय १५:२५ प्रमाणे अशी स्त्री स्राव असेपर्यंत अशुद्ध. तिने गर्दीत येणे म्हणजे शिवाशीव. म्हणून ती पाठीमागून येते, वस्त्राला हात लावते आणि कोणाला न कळता निघून जावे असे मनात धरते.

मार्काने तिच्या बारा वर्षांचा हिशेब एका वाक्यात दिला आहे. पुष्कळ वैद्य झाले, त्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले, जवळचे सर्व संपले आणि गुण न येता दुखणे वाढले. रोगाने सोसायला लावले एवढेच मार्क लिहीत नाही. वैद्यांच्या हातून सोसले असेही तो लिहितो. हाच प्रसंग लूकने सांगितला आहे, पण तो अधिक सौम्यपणे. कोणाकडूनही तिला गुण आला नाही, एवढेच तो म्हणतो. दुखणे वाढल्याचा उल्लेख त्याच्याकडे नाही. काही प्राचीन हस्तलिखितांत तर लूकच्या या वचनातील वैद्यांवरील खर्चाचे शब्दही आढळत नाहीत. कलस्सै ४:१४ मध्ये लूकला प्रिय वैद्य म्हटले आहे. आपल्या व्यवसायबंधूंविषयी तो जरा हात राखून लिहितो की काय, असा विचार अभ्यासकांच्या मनात येऊन गेला आहे. मार्काला तसा संकोच नाही. पवित्र आत्म्याने दोघांचेही लेखन आपल्यासाठी राखून ठेवले, हे बरे झाले. त्यामुळे वैद्याचा मान आणि रोग्याचे गाऱ्हाणे ही दोन्ही पवित्र शास्त्रात शेजारी शेजारी बसली आहेत.

प्रिय वाचकहो, हे गाऱ्हाणे गालीलाच्या किनाऱ्यावर संपले नाही. आपल्या देशात ते एकदा लखनौ शहरातून निघून थेट राजसिंहासनापर्यंत जाऊन पोहोचले होते. ती हकीगत आपल्या मंडळ्यांना ठाऊक असावी म्हणून येथे सांगतो.

उत्तर हिंदुस्थानात पडद्याची चाल कडक होती. घरंदाज स्त्री आजारी पडली तर परपुरुष वैद्याने तिला पाहावे कसे, हा प्रश्न रोगाहून मोठा होऊन बसे. पडद्याआडून हात पुढे करावा आणि वैद्याने नाडी पाहावी. बाकीचे घरातील कोणीतरी सांगावे, अशी रीत. म्हणजे दुखणे एकीचे आणि बोलणार दुसराच. ही अडचण ओळखून १८७० मध्ये डॉ. क्लॅरा स्वेन बरेलीस आल्या. त्यांच्याच बरोबर आलेल्या इझाबेला थोबर्न यांनी लखनौत मुलींची शाळा काढली. आजचे इझाबेला थोबर्न कॉलेज ते हेच. पुढे थोड्याच वर्षांत एलिझाबेथ बील्बी नावाच्या मिशनरी बाई लखनौत आल्या आणि जनान्यातील स्त्रियांना औषधोपचार करू लागल्या. त्यांच्या कामातून उभा राहिलेला दवाखाना पुढे लेडी किनेर्ड हॉस्पिटल या नावाने ओळखला गेला.

१८८१ मध्ये बुंदेलखंडातील पन्ना संस्थानाहून बील्बीबाईंना बोलावणे आले. महाराणी आजारी होत्या. बाई गेल्या, तेथे राहून त्यांनी उपचार केले आणि महाराणींना बरे वाटले. बाई आता वैद्यकीचे पुरे शिक्षण घेण्यासाठी विलायतेस जाणार होत्या. निरोप घेतेवेळी महाराणींनी त्यांच्याकडून वचन घेतले. हिंदुस्थानातील स्त्रिया आजारी पडल्या म्हणजे त्यांचे काय हाल होतात, हे राणी व्हिक्टोरिया यांना प्रत्यक्ष भेटून सांगावयाचे. निरोप तेथेच लिहून घेतला. अक्षर बारीक काढा, म्हणजे तो लॉकेटात मावेल. लॉकेट गळ्यात घालून न्या आणि दुसऱ्या कोणाकरवी न देता स्वतःच्या हाताने द्या, असे महाराणींचे सांगणे होते. बील्बीबाईंनी ते पाळले. त्याच वर्षी जुलै महिन्यात राणीने त्यांना भेटीस बोलावून सर्व ऐकून घेतले.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. या बाई संस्थानच्या महाराणी. पैसा, नोकरचाकर, राजवैद्य यांची वाण त्यांना नव्हती. तरी आपले दुखणे ऐकून घेणारे माणूस मिळावे म्हणून त्यांना दूर लखनौहून बाई बोलवावी लागली. मार्काच्या त्या स्त्रीजवळ शेवटी दमडी उरली नव्हती. एक निर्धन, एक राजस्त्री. गाऱ्हाणे दोघींचे एकच.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही हा आवाज उठला. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळाले पाहिजे असे निक्षून सांगितले. हंटर साहेबांना ती साक्ष इतकी मोलाची वाटली की त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले. रमाबाईंचा बाप्तिस्मा पुढे १८८३ मध्ये झाला आणि मूळ भाषांवरून मराठी पवित्र शास्त्र सिद्ध करण्याचे त्यांचे कार्य तर फार नंतरचे. पण ऐकले न जाणाऱ्या स्त्रियांची कळकळ त्यांच्या ठायी आधीपासूनच होती. चौदाव्या वर्षी माता होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देणारा निधी स्थापन झाला आणि देशभर डफरिन रुग्णालये निघाली. लखनौतही तसे रुग्णालय निघाले. लॉकेटातील चार ओळींना असे फळ आले.

मग प्रश्न सुटला का?

दारापर्यंतचा सुटला. आज स्त्री डॉक्टर आहेत, रुग्णालये आहेत, यंत्रे आहेत. पण दाराच्या आत गेल्यावर तिचे सांगणे खरे मानले जाते काय, हा दुसरा प्रश्न पुष्कळ अंशी तसाच आहे. आपल्या घराघरांतील भगिनी हे सांगतील. पोटात कळा येतात म्हटले तर, “बायकांचे असे चालायचेच.” छातीत जड वाटते म्हटले तर, “घरात काही ताण आहे का?” थकवा जात नाही म्हटले तर टॉनिकची बाटली. तपासणीच्या खोलीत डॉक्टर प्रश्न तिच्याविषयी विचारतात आणि पाहतात नवऱ्याकडे. काही वेळा सांगणारी स्त्री असते आणि न मानणारी डॉक्टरही स्त्रीच असते. म्हणजे केवळ स्त्री डॉक्टर मिळाल्याने ऐकणारा कान मिळतोच असे नाही.

हा निव्वळ भावनेचा विषय नाही. याला पुरावा आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात अवघ्या ८. तोवर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच सरकारदप्तरी धरले जाई. तिला विचारलेच नव्हते, मग ती सांगणार कोणाला?

न ऐकण्याचे दुसरे टोक बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातले दुखणे ही त्यांतील कित्येकींची मूळ तक्रार. दुखणे का होते हे शोधायला वेळ लागतो. अवयव काढून टाकायला थोडा लागतो, आणि तोडणीचा खाडा चुकतो. तिचे बोलणे उडवून लावणे आणि तिचे बोलणे पुरते न ऐकताच शस्त्र हाती घेणे, ही दोन्ही एकाच उणिवेची फळे होत.

शब्दांचा व्यवसाय करणाऱ्याला येथे एक शब्द फार बोचतो. ग्रीक भाषेत गर्भाशयाला ‘हिस्टेरा’ म्हणतात. त्यावरून ‘हिस्टेरिया’ हे रोगनाम झाले. कारण सापडले नाही की स्त्रीच्या दुखण्यावर हे नाव चिकटविण्याची चाल युरोपात शतकानुशतके होती. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या रोगसूचीतून ते वगळले. नाव गेले, पण सवय तेवढ्या लवकर जात नाही. औषधांच्या चाचण्यांचेही असेच झाले. गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावे, असे मार्गदर्शन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये केले आणि ते १९९३ मध्ये मागे घेतले. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. पण स्त्रीच्या शरीराचे ज्ञान त्यामुळे मागे पडले. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या झोल्पिडेम या औषधाची स्त्रियांसाठी सुचविलेली मात्रा २०१३ मध्ये निम्म्यावर आणावी लागली, कारण ते औषध स्त्रियांच्या शरीरातून अधिक सावकाश बाहेर पडते. सकाळी जडपणा जात नाही, असे जी म्हणत असेल तिचे म्हणणे खोटे नव्हते.

आता पुन्हा शास्त्राकडे वळू. पवित्र शास्त्र या दोषावर पांघरूण घालीत नाही. १ शमुवेल पहिल्या अध्यायात हन्ना मंदिरात ओठ हलवीत रडते आणि एली याजक ती द्राक्षारस प्याली आहे असे निदान करून मोकळा होतो. त्याने फक्त पाहिले, विचारले नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी स्त्रियांनी प्रेषितांना वर्तमान सांगितले, तेव्हा ते त्यांना निरर्थक बडबड वाटले. लूक २४:११ मधील तो ग्रीक शब्द ‘लेरोस’ नव्या करारात केवळ तेथेच आला आहे. त्याच कुळातील शब्द ग्रीक वैद्य तापाच्या भरात बरळणाऱ्या रोग्यासाठी वापरीत. जगातील सर्वांत मोठे सत्य प्रथम स्त्रियांच्या तोंडून निघाले आणि ऐकणाऱ्यांनी त्याला भ्रम ठरविले! वैद्य असलेल्या लूकनेच हे लिहून ठेवावे, यात देवाची योजना नाही असे कोण म्हणेल?

आणि आता प्रभूकडे पाहा. तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, तो थांबतो. याईराची लेक शेवटच्या घटका मोजीत आहे. थांबायला सवड नाही. शिष्यांना त्याचा प्रश्नच विचित्र वाटतो. एवढ्या दाटीत मला कोणी स्पर्श केला असे काय विचारावे? बाह्यरुग्ण विभागात शंभर रोगी बाहेर ताटकळत असतात तेव्हा डॉक्टरांपुढे हीच अडचण असते, हे आपण प्रामाणिकपणे मानले पाहिजे. डॉक्टर मंडळी निष्ठुर असतात असे नाही. गर्दी त्यांनाही दाबते. पण प्रभूने गर्दीतला धक्का आणि गरजेचा स्पर्श यांतला भेद ओळखला.

दुसरी, तो सर्व ऐकतो. मार्क ५:३३ प्रमाणे तिने भीत, कापत पुढे येऊन त्याला सत्य सांगितले, आणि तेही सगळेच्या सगळे. ‘सत्य’ हा शब्द पाहा. तिच्या हकिगतीला मार्क गाऱ्हाणे म्हणत नाही, कटकट म्हणत नाही, सत्य म्हणतो. ती बरी तर आधीच झाली होती. प्रभूला निदानासाठी तिचा इतिहास नको होता. त्याला काय अज्ञात होते? तरीही त्याने तिचे बोलणे तोडले नाही. बारा वर्षे साठलेले बाहेर पडणे हा तिच्या बरे होण्याचाच भाग होता. तिच्या पीडेसाठी मार्काने वापरलेला ‘मास्टिक्स’ हा शब्द मुळात चाबकाचा. प्रेषितांची कृत्ये २२:२४ मध्ये पौलाला फटके मारण्याच्या आज्ञेत तोच येतो. मराठीत ‘पीडा’ लिहिताना चाबकाचा तो वळ दिसेनासा होतो, म्हणून वाचकांस मुद्दाम सांगितले.

तिसरी, तो तिला नाते देतो. मराठीत ‘मुली’ ही हाक या स्त्रीलाही चालते आणि याईराच्या लेकीलाही. मूळ भाषेत मात्र प्रभू याईराच्या लेकीला लहान मुलगी या अर्थाच्या शब्दाने हाक मारतो, आणि या स्त्रीला मारलेली हाक ‘कन्या’ अशी, बापलेकीच्या नात्याची आहे. लगेच पुढच्या वचनात याईराच्या घरची माणसे येऊन तुझी कन्या मेली असे सांगतात, तेथेही शब्द हाच. जिच्यासाठी विनवणी करायला बाप नव्हता, तिला त्या दाटीत, सर्वांसमक्ष, बाप मिळाला. आणि तिच्यापायी झालेल्या खोळंब्याने याईराचेही काही बुडाले नाही. त्याची लेक उठली. एकीला वेळ दिल्याने दुसरीचे हिरावले जाते, ही आपली भीती प्रभूच्या वाटेवर खरी ठरली नाही.

प्रियजनहो, यातून आपण काय घ्यावे?

घरातील पुरुषांनो, पत्नीला, आईला, बहिणीला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा तिच्या वतीने उत्तरे देऊ नका. तिला बोलू द्या. तिला एकटीने बोलायचे असेल तर बाहेर बसा. दुखणे केव्हा सुरू झाले, किती वेळ टिकते, कशाने वाढते, पाळी कोणत्या तारखेस आली, हे आधीच कागदावर लिहून न्यावे. लिहिलेले सहसा उडवून लावले जात नाही. शंका उरली तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तो पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे आणि अविश्वासही नव्हे.

काही लक्षणे तर थांबूच देत नाहीत. पाळी गेल्यानंतर पुन्हा झालेला रक्तस्राव, दोन पाळ्यांमध्ये किंवा शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव यांची तपासणी झालीच पाहिजे, कारण तेथे कर्करोगाची सूचना असू शकते. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांना छातीतील कळेबरोबर, आणि कधी तिच्यावाचूनही, धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, विलक्षण थकवा जाणवतो. ते अपचन समजून रात्र काढू नये. पाळीच्या असह्य वेदनांमागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि निदानाला कित्येकदा वर्षे लागतात. आपल्या देशात १५ ते ४९ वयातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. तेव्हा थकवा म्हणजे आळस, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मंडळीतील पाळकांनो व वडिलांनो, आजारी भगिनीला “वधस्तंभ समजून सोसा” असे सांगण्याची घाई करू नका. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीनदा विनंती केली, मग त्याला उत्तर मिळाले. आणि तो काटा त्याचा होता, दुसऱ्याने त्याला तो सोसायला लावला नव्हता. प्रार्थना अवश्य करा, पण प्रार्थनेनंतर रिक्षा बोलवा. एलीचेही एक घ्यावे: हन्नाने आपले दुःख सांगितल्यावर त्याने पहिले मत सोडले आणि तिला आशीर्वाद दिला. मत बदलल्याने याजकाचा मान गेला नाही. डॉक्टरांचाही जाणार नाही.

आणि आमच्या परिचारिका भगिनींनो! मिरजेपासून लखनौपर्यंत आपल्या समाजातील कितीतरी मुलींनी हा पोशाख अंगावर चढविला. डॉक्टर खाटेपाशी क्षणभर येतात, तुम्ही रात्रभर असता. रोगी स्त्री जे त्यांच्यापुढे गिळून टाकते ते तुमच्यापाशी बोलते. ते डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे, आणि नाही ऐकले तर पुन्हा सांगणे, ही तुमची सेवा आहे. बील्बीबाईंनी लॉकेट गळ्यात घालून समुद्र ओलांडला. तुम्हांला पुष्कळदा फक्त एका दालनातून दुसऱ्या दालनात जायचे असते.

भगिनी, जी हे वाचीत आहेस आणि जिला तीन ठिकाणांहून “काही नाही” असे सांगून परत पाठविले आहे, तुला हे सांगावेसे वाटते की कागदावर काही आढळले नाही म्हणून तुझी वेदना खोटी होत नाही. पुन्हा जा. कोणाला तरी बरोबर घेऊन जा. पाठीमागून, चोरून नको. समोरून जा आणि सगळे सांग.

हे प्रभू, दाटीत थांबणाऱ्या तारणाऱ्या, आमच्या घरांतील आणि मंडळ्यांतील ज्या कन्या आपले दुखणे सांगून सांगून थकल्या आहेत त्यांची तू आठवण कर. आमच्या डॉक्टरांना व परिचारिकांना धीर, ज्ञान आणि उघडे कान दे. आम्ही ज्यांचे बोलणे बडबड म्हणून सोडून दिले त्यांच्याकडे आम्हांला परत पाठीव, आणि त्यांचे सर्व सत्य ऐकून होईपर्यंत आम्हांला उठू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.